हयसर दगडू

“हयसर दगडू.”

काळोखात, अगदी जमिनीलगत, झोपेने जड झालेला हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला धड मिसरूडही फुटलेलं नव्हतं. त्याच दिवशी गावाहून आलो होतो. पाय दारात, ट्रंक डोक्यावर, आणि समोर असा काळोख की आपला हात आपल्याला दिसू नये. बरोबरच्या माणसाने मला कोपराने ढोसलं. “नाव सांग मेल्या. नायतर कोणाच्या तरी छातीर पाय देतलंस.”

मी नाव सांगितलं. तशी जमिनीवरून नावं उठायला लागली. हयसर दगडू. हयसर सोनू. हयसर बाबल्या. हयसर बुधाजी. हयसर म्हणजे इथे. ज्याचा आवाज जिथून आला तिथे तो आडवा पडलाय असं समजायचं, आणि मधल्या फटींतून पाय टाकत आपली जागा गाठायची.

लालबागच्या चाळीतली ती आमच्या गावकीची खोली. दुसरा मजला, जिन्यालगत. आमच्या मालवणाकडच्या कितीतरी गावांची अशी एकेक खोली मुंबईत होती, चाकरमान्यांनी वर्गणी काढून घेतलेली. बायकामुलं गावाला आणि पुरुष इथे, पाळीपाळीने झोपणारे. दिवा लावायचा नाही, कारण रातपाळीवाल्याचा नुकताच डोळा लागलेला असायचा. म्हणून हे नाव सांगणं. कुणी मुकादम नाही, कुणाची हजेरी नाही. आलास की नाव सांग, दुसऱ्याने सांगितलं की तू आपलं सांग. कुणी गप्प राहून आत शिरलाच, तर दगडू विचारायचा, “कोण आसा?” त्याची झोप मांजराची. दोनदा विचारायचा. तिसऱ्यांदा विचारायची पाळी त्याच्यावर कधी आली नाही.

आणि जाताना म्हणायचं, “उठलंय.” मग ती जागा मोकळी. उठलंय न म्हणता गेलेल्याच्या जागेवर कुणी पथारी टाकायची नाही. तो खाली विडी ओढायला गेला असेल, गावाला गेला असेल. जागा त्याची. गावाहून आणखी एक दगडू आला तेव्हा तो झाला ‘दगडू दुसरो’. पुढे त्याला नातवंडं झाली, तरी या खोलीत तो दुसराच. पहिला आत आहे ना, मग त्याचं नाव घ्यायचं नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही. श्रेया, हसू नकोस बाळा. तो मोबाईल तेवढा पालथा ठेव. त्याचीच गोष्ट आहे.

माझं लग्न झालं, मी खोली सोडली. एकेक करून सगळेच सुटले. राहिला तो पहिला दगडू. त्याने लग्न केलं नाही. मी खोलीत होतो तेव्हाचीच गोष्ट, गिरण्यांचा संप झाला त्या वर्षी खोलीत एकाच्याही हाताला काम नव्हतं. गावकीचा नियम होता की कमावता असेल तोच खोलीत राहील, बेकाराने गाव गाठायचं. तेव्हा दगडू म्हणाला, “आता सगळेच बेकार. मग नियम कोणासाठी?” तो शिवडीच्या गोदामात जाऊन पाठीवर गोणी वाहू लागला. संध्याकाळी तांदूळ आणि सुके बांगडे घेऊन यायचा. त्या भातावर खोली जगली. मी जगलो. बुधाजी जगला. बुधाजी तर आजारीच होता तेव्हा. दगडू त्याला पेज भरवायचा.

हा बुधाजी लक्षात ठेवा.

आता गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आलेत. खोलीत आमच्या गावचीच अठरा पोरं राहतात. कुणी कुरियरला, कुणी हॉटेलात, कुणी बँकेच्या कॉल सेंटरला. त्यांच्यातला एक विनीत. माझ्या चुलत बहिणीचा नातू. टॉवरमधल्या ऑफिसांत जाऊन कॉम्प्युटरचं जाळं, ते वाय-फाय वगैरे, बसवायचं काम करतो. दगडूला सगळी पोरं आबा म्हणायची. म्हाताऱ्याने त्यांना जुनी सवय लावून ठेवली होती. रात्री कधीही या, दारात म्हणायचं, “विनीत इलंय,” म्हणजे आलोय. आणि काळोखातून उत्तर यायचं, “हयसर दगडू. जेवलंस काय?”

त्याने विचारावं आणि आपण जेवलेलं नसावं, यासाठी पोरं बाहेर जेवून यायची नाहीत.

चाळ पाडून टॉवर होणार असं ठरलं. कोणत्या खोलीत कोण राहतं ते बघायला माणसं येणार होती. जो राहताना दिसेल त्याचा नव्या इमारतीत हक्क. आमची खोली गावाची, पण गावाच्या वतीने कागदावर गावकीच्या चिटणीसाचं नाव. चिटणीस कोण, तर हर्षवर्धन. बुधाजीचा मुलगा. बुधाजी केव्हाच वारला. दादरला फ्लॅट विकण्या-घेण्याची दलाली करतो. पांढरा शर्ट, टोकदार बूट, प्रत्येक वाक्याला ‘समजलं ना’.

थंडीच्या दिवसांत एकदा दुपारी, पोरं कामावर असताना, या हर्षवर्धनने आबाला खोलीबाहेर काढलं. म्हणे, नियम आहे. कमावता असेल तोच राहील. आणि गावच्या गाडीत बसवून दिलं.

राग कसा असतो ठाऊक आहे का? आरडाओरड म्हणजे राग नव्हे. तेव्हापासून भाताचा घास उचलला की मला एकच प्रश्न आठवतो. तुझा बाप बेकार होता तेव्हा ज्या माणसाने तो नियम आपल्या पाठीवर उचलून बाजूला ठेवला, त्याच माणसावर तू तो नियम काढलास?

त्या रात्री विनीत दारात उभा राहून म्हणाला, “विनीत इलंय.” काही नाही. परत म्हणाला. मग एका पोराने उठून दिवा लावला. भिंतीलगतची आबाची जागा रिकामी होती. सारवल्यासारखी स्वच्छ.

विनीतने गावाला फोन लावला. आबा एका पुतण्याच्या पडवीत राहत होता, स्वतःच्या घराचं छप्पर केव्हाच बसलं होतं. “आबा, घ्यायला येतो,” विनीत म्हणाला. “आता नको रे. शिमग्याक येशात, तेव्हा बघूया,” आबा म्हणाला.

शिमगा यायच्या आधीच तो गेला.

आता सांगतोय ती रात्र होळीची. गेल्या वर्षीची नव्हे, त्याच्या आदल्या वर्षीची. रविवार होता. शिमग्याला आमची खोली रिकामी पडते, हे सगळ्या चाळीला माहीत. पालखी नाचवायला सगळी पोरं गावाला. विनीतला तेवढी सुट्टी मिळाली नव्हती. तो एकटाच मागे राहिला. पोरांनी जाताना त्याच्यावर एक काम टाकलं होतं. सगळ्यांनी मिळून एक स्पीकर घेतला होता, वाय-फायवर चालणारा. तो जोडून ठेवायचा. आणि त्याला नाव द्यायचं दगडू. आबाचं नाव खोलीत राहावं म्हणून.

समोरच्या कमलाबाई मुलीच्या बाळंतपणाला कल्याणला गेल्या होत्या, थंडीपासून त्यांच्या दाराला कुलूप. खाली पटांगणात होळी पेटली, पोरांनी बोंबा मारल्या, नारळ टाकले. मग हळूहळू निखारे राहिले. धूर जिन्यातून वर येत होता. विनीत जेवला आणि स्पीकर घेऊन बसला.

आता ती जाळ्याची भानगड. मी चौथी शिकलेला माणूस. विनीतने मला तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, “अरे, हे तर आपल्या खोलीचंच झालं!” तो म्हणाला, “अगदी तसंच, आजोबा.” घरातल्या यंत्रांवर कुणी मुकादम नसतो म्हणे. नवं यंत्र आलं की ते जाळ्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतं, मी अमुक, या नावाचं आधी कुणी आहे का? कुणी बोललं नाही तर नाव त्याचं. पण आतून कुणी ‘मी आहे’ म्हणालं, तर नवं यंत्र मुकाट्याने मागे सरतं आणि आपल्या नावापुढे दोन लावून घेतं. जाताना ‘चाललो’ म्हणतं. न सांगता वायर उपटली तर त्याचं नाव इतरांच्या आठवणीत घोळत राहतं, तास-सव्वा तास. मग पुसलं जातं.

“आजोबा, म्हणजे वाय-फायचं भूत?” असं तू मागे विचारलं होतंस मला, श्रेया. तेव्हा मीही हसलो होतो.

विनीतने मोबाईलवर नाव टाकलं, दगडू. क्षणभर गोल गोल फिरलं. मग नाव उमटलं.

दगडू (2).

त्याला वाटलं आपण चुकून दोनदा जोडलं. त्याने स्पीकर कोरा केला, पुन्हा पहिल्यापासून जोडला. दगडू (2). त्याने गंमत म्हणून आपलं नाव दिलं. विनीत. पुढे आकडा नाही. परत दगडू केलं.

दगडू (2).

एखाद्या पोराने टीव्हीला तर ते नाव दिलं नसेल? त्याने टीव्हीची वायर काढली. प्रिंटर आधीपासूनच बंद होता, त्याचीही काढली. शेजारच्या कुणाला पासवर्ड कळला असेल म्हणून तोही बदलला. आता जाळ्यात दोनच उरले. त्याच्या हातातला मोबाईल आणि समोरचा स्पीकर. त्याने यादी दोनदा बघितली. तिसरं काही नव्हतं.

नाव पुन्हा टाकलं. गोल फिरलं. थांबलं.

दगडू (2).

विनीतने मला सांगितलं, “आजोबा, आठवणीतलं नाव कुणाला अडवत नाही. अडवायचं तर आतून कुणीतरी उत्तर द्यावं लागतं.”

त्याने भिंतीलगतच्या त्या जागेकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, “आबा?”

पंखा फिरत होता. बस.

आणि जिन्यात बूट वाजले.

हर्षवर्धन. मागे दोन हमाल, एकाच्या डोक्यावर लोखंडी खाट, दुसऱ्याच्या खांद्यावर गॅसचा सिलिंडर. हर्षवर्धनच्या हातात नवं कोरं कुलूप. दिवा बघून तो दारात थबकला.

“तू गेला नाहीस गावाला?”

“ड्युटी होती, दादा. ही खाट कोणाची?”

“ठेवा रे आत.” हर्षवर्धन बुटांसकट आत आला. नाव न सांगता. “मंगळवारी माणसं येतायत बघायला. अठरा वळकट्या बघून ते काय लिहितील? धर्मशाळा. एक खाट, एक गॅस, एक फॅमिली दिसली की काम सोपं. समजलं ना?”

“कोणाची फॅमिली?”

“कागदावर नाव कोणाचं आहे?”

“आणि पोरं? ती परत आली की कुठे झोपणार?”

“नंतर बघू ना. टॉवर होऊ दे, मग गावाचं बघू. तू आज मित्राकडे जा. सकाळी कुलूप बदलतोय.”

विनीत उठला. शांत पोरगा आहे तो. कुणाला उलट बोलत नाही. पण त्या रात्री बोलला.

“आबाला पण हेच सांगितलंस? नंतर बघू?”

“म्हातारा कमवत नव्हता. नियम मी नाही केलेला.”

“तुझा बाप कमवत नव्हता तेव्हा कुठे होता नियम? पेज भरवली त्याने तुझ्या बापाला! या इथे, या लादीवर!”

“बापाचं नाव काढायचं नाही, सांगून ठेवतो.”

“मी काढत नाही. तू तुझं सांग. आत आलास ना? या खोलीत नाव सांगून यायचं असतं. म्हण, हर्षवर्धन इलंय.”

हमालांनी एकमेकांकडे बघितलं. खाट दारातच आडवी ठेवून ते मागे सरले. मोठ्या माणसांच्या भांडणात कोण पडणार.

“म्हण की,” विनीत म्हणाला. “एवढी सोपी गोष्ट आहे. आबाला विसरलास, बापाला विसरलास, निदान दारात नाव तरी सांग. साला चोर पण आत शिरताना दबकत येतो. तू बूट वाजवत आलास.”

“माझ्याच खोलीत मी नाव सांगू?” हर्षवर्धन हसला. खरंच हसला. “बस मग काळोखात. नावं मोजत बस.”

गॅलरीत मीटरची पेटी आहे. त्याने बाहेर हात घालून खटका पाडला.

दिवा गेला. पंखा गेला. वाय-फायच्या डब्यावरचे हिरवे ठिपके गेले.

पंखा थांबत आला... आणि थांबला.

खाली निखारा फुटल्याचा आवाज आला. तेवढाच.

हर्षवर्धन दारातून आत वळला. बाहेरच्या उजेडातून आलेला, त्याला काही दिसेना. त्याने एक पाऊल टाकलं.

“कोण आसा?”

आवाज मोठा नव्हता. जमिनीलगतून आला होता. भिंतीकडून.

हर्षवर्धन थांबला. “विनीत, बंद कर ते डबडं. मी घाबरेन असं वाटलं काय तुला?”

स्पीकर विनीतच्या हातात होता. बॅटरीवर चालू. त्यावर एक निळा ठिपका होता. विनीतने बटण दाबून धरलं. ठिपका विझला.

आता कुठेच उजेड नाही.

“...कोण आसा?”

दुसऱ्यांदा.

त्या विचारण्यात राग होता, आजोबा, असं तो म्हणाला. आबाच्या आवाजात त्याने तो कधी ऐकला नव्हता. आणि तो राग आपल्यावर नाही, हेही त्याला कळलं. कसं कळलं, विचारू नका. घरच्या माणसाचा राग कुणावर आहे ते काळोखातही कळतं.

तो म्हणाला, “विनीत... इलंय.”

मग भिंतीकडून, “हयसर दगडू.”

मग मोरीकडून, “हयसर सोनू.”

माळ्याखालून. “हयसर बाबल्या.”

आणखी एक. आणखी एक. आबाचं सोडून विनीतने यातलं एक नावही कधी ऐकलं नव्हतं. त्याने मला नंतर ती सांगितली. एकेक करून. मी प्रत्येकाचं तोंड सांगू शकलो त्याला. कोण कुठल्या खात्यात, कोणाला दम्याचा त्रास, कोण झोपेत दात खायचा. त्यांतला एकही आज हयात नाही.

नावं जवळ येत होती. खोलीच्या कडेकडेने. दाराकडे.

हर्षवर्धन हलला नाही. हलायचं म्हटलं तर पाय कुठे ठेवणार? सगळी लादी माणसांनी भरली होती. दिसत काही नव्हतं. पण श्वास ऐकू येत होते. तीस माणसांचे. धूर होता, आणि धुराखाली तेलाचा, घामाचा, कापसाचा वास.

मग त्याच्या बुटाच्या अगदी जवळून. आजारी, थकलेला.

“हयसर बुधाजी.”

हर्षवर्धनच्या घशातून कसलातरी आवाज निघाला. शब्द नव्हता तो.

सगळे श्वास थांबले.

वाट बघत होते.

एक नाव सांगायचं होतं त्याने. फक्त एक. सांगितलं असतं तर त्यालाही वाट मिळाली असती, खोलीची रीतच होती तशी. शत्रूलाही मिळायची. पण ज्याने ‘माझ्याच खोलीत’ म्हटलं, त्याच्या तोंडातून ते निघेना. विनीतला ऐकू येत होतं, त्याचे ओठ उघडत होते... मिटत होते.

आणि मग. भिंतीकडून नाही. अगदी समोरून. उभ्या माणसाच्या उंचीवरून.

“कोण. आसा.”

तिसऱ्यांदा.

खाट धडाडली. बूट जिन्यावरून घसरत, आपटत खाली गेले. खाली हमालांपैकी कुणीतरी “साहेब, काय झालं?” म्हणून ओरडलं.

विनीत होता तिथेच उभा राहिला. किती वेळ, त्याला सांगता येत नाही. मग त्याच्या कानाजवळ, नेहमीच्या आवाजात, कुणीतरी विचारलं, “जेवलंस काय?”

“जेवलो,” तो म्हणाला. आणि मग मात्र तो रडला.

खटका वर करून त्याने दिवा लावला. खोलीत कुणी नव्हतं. अठरा वळकट्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या, जशाच्या तशा.

त्याने त्याच वेळी गावाला फोन लावला. पालखी देवळाकडे परतत होती. ढोलाच्या आवाजात त्याला ओरडून सांगावं लागलं की खोली चाललीय, निघा. सोमवारच्या गाडीने पोरं निघाली, गुलाल तसाच अंगावर. मंगळवारी माणसं बघायला आली तेव्हा खोलीभर पथाऱ्या अंथरलेल्या आणि सतरा लालभडक पोरं विनीतसकट भिंतीला टेकून बसलेली. खाट गॅलरीत उभी करून ठेवली होती. माणसांनी जे दिसलं ते लिहून नेलं. हर्षवर्धनला बोलावणं गेलं होतं. तो आला नाही. पुढे गावकीने चिटणीस बदलला, तेव्हाही आला नाही. सही घ्यायला दोघं जण त्याच्या घरी गेले. त्याने सही केली, पण दार पुरतं उघडलं नाही.

खोली आजही गावाची आहे. टॉवर होईल तेव्हा त्यातही गावाचीच असेल.

स्पीकर अजून आहे. भजनं लावतात त्यावर. नाव अजून तेच, दगडू, आणि पुढे दोन. विनीतने सगळं करून बघितलं. वाय-फायचा डबा नवा आणला. एकदा तो स्पीकर गिरगावला मित्राच्या घरी नेऊन जोडला. तिथे नाव सरळ उमटलं, दगडू. आकडा नाही. त्याला बरं वाटलं. त्याच दिवशी परत आणून खोलीत जोडला.

दगडू (2).

आता पोरं त्या आकड्याला हात लावत नाहीत. रात्री आलं की दारात नाव सांगतात. भिंतीलगतच्या जागेवर कुणी पथारी टाकत नाही.

एवढं झाल्यावर विनीत माझ्याकडे आला होता. म्हणाला, “आजोबा, आबा जाताना उठलंय म्हणाले होते का? खोलीत तर आम्ही कुणीच नव्हतो.” मला काय माहीत? पण तेवढ्यात कमलाबाई कल्याणहून परत आल्या होत्या. चाळीस वर्षं समोरच्या खोलीत काढलेली बाई. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी पाणी दिलं. मग पदराने हात पुसत बसल्या.

“मीच होते की तेव्हा गॅलरीत,” त्या म्हणाल्या. “गहू निवडत होते. तो हर्षवर्धन ट्रंक बाहेर ठेवत होता. मी म्हटलं, अरे, तुझ्या बापाच्या जागी आहेत ते. तर म्हणतो, मावशी, तुम्ही तुमचं बघा. आबा काही बोलत नव्हते. चप्पल घातली, टोपी घातली. तेव्हा तो हर्षवर्धनच म्हणाला, हसून. म्हणाला, म्हणा की आबा, तुमचं ते उठलंय. सगळ्यांना म्हणायला लावता ना? म्हणा आणि सुटा.”

कमलाबाईंनी दारातून समोरच्या खोलीकडे बघितलं.

“चाळीस वर्षांत मी त्या माणसाला रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. तोंड नाही उघडलं त्यांनी. आत वाकून आपल्या जागेकडे एकदा बघितलं. मग हर्षवर्धनकडे बघितलं. असं बघितलं की तोच मागे सरला. मी म्हटलं, आबा, काहीतरी बोला हो. ट्रंक त्यांनी खांद्यावर घेतली...”

“आणि?” विनीत म्हणाला.

“आणि जिना उतरून गेले. काही न बोलता.”